भाताची जात तीच, बियाणं तेच, मग करपा आताच कसा? बुरशीच्या जनुकीय विविधतेबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावळात तुम्ही काही वर्षं भाताची एकच सुधारित जात लावताय. करप्याला प्रतिकारक म्हणून घेतली, सुरुवातीची वर्षं बरी गेली, आता मात्र निसवल्यानंतर (लोंब्या बाहेर पडल्यावर) लोंब्यांच्या माना मोडतात. कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, बुरशीची नवी जात आली. पण भोरकडे तुमच्या साडूनं त्याच बियाण्याचा भात लावलाय आणि तिकडे काही नाही. या बुरशीत जनुकीय विविधता फार असते म्हणून प्रतिकारक जाती टिकत नाहीत, असंही तुमच्या वाचनात आलंय. तर ही विविधता म्हणजे काय, ती मोजतात कशी, आणि तिचा तुमच्या खाचराला उपयोग काय?

माझ्या नोकरीची सगळी वर्षं भाताच्या रोगांवर काम करण्यात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी रोगाची खात्री करून घ्या. आपल्याकडे पान वाळलं की सगळ्यालाच करपा म्हणतात. पानाच्या कडा टोकाकडून पिवळ्या पडत, नागमोडी रेषेत खाली वाळत येत असतील तर तो कडा करपा. तो जीवाणूमुळे होतो, बुरशीनाशकाला दाद देत नाही. पांढरी, दाणे न भरलेली लोंबी दिसली तर ती वर ओढून बघा. सहज उपटून हातात आली आणि खालचं टोक कुरतडलेलं असलं तर खोडकिडा. मानेच्या करप्यात लोंबी अशी निघत नाही. लोंबीच्या खालच्या पेरावर तपकिरी-काळं कडं दिसतं, तिथून ती मोडून लोंबकळते, आणि वरचे दाणे पळंज (पोकळ) राहतात किंवा अर्धवट भरतात.

आता पानं बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. प्रतिकारक जातीवरही बुरशीचे बीजाणू पडतातच. जातीतलं जनुक काम करत असेल तर पानावर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी टिपका उठतो आणि तिथेच थांबतो. झाडानं स्वतःच्या थोड्या पेशी मारून बुरशीला कोंडलेलं असतं. जनुक निकामी ठरलं असेल तर दोन्ही टोकांना निमुळता, डोळ्याच्या आकाराचा, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असा ठिपका दिसतो. त्या राखाडी भागातून रात्री हजारो बीजाणू सुटतात. पूर्वी या जातीवर नुसते टिपके होते आणि आता राखाडी मध्य असलेले ठिपके सगळीकडे दिसतात, असं असेल तर दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे. पानं बऱ्यापैकी स्वच्छ आणि मानेवरच थोडा रोग, असं असेल तर मी आधी युरियाचा हिशेब विचारीन. नत्र जास्त, लावणी उशिरा, निसवताना पाठोपाठ दवाच्या थंड रात्री, हे जुळलं की मध्यम प्रतिकारक जातही मान टाकते. त्यासाठी बुरशीत काही बदलावं लागत नाही.

बुरशी बदलली आहे असं धरून पुढे जाऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

मॅग्नापोर्थे ओरायझी हे तिचं नाव. जुन्या पुस्तकांत पायरीक्युलेरिया सापडेल, आणि हल्ली बरेच शास्त्रज्ञ पुन्हा त्याच नावाकडे वळलेत. बीजाणू तीन कप्प्यांचा, नासपतीच्या आकाराचा. ओल्या पानावर पडला की काही तासांत रुजतो आणि टोकाशी एक काळसर घुमटी तयार करतो. घुमटीच्या भिंतीत मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा थर असतो आणि आत दाब साठतो, ८० वातावरणांच्या आसपास. त्या दाबानं एक सूक्ष्म खुंटी पानाची त्वचा फोडून आत शिरते. ट्रायसायक्लाझोल हे औषध हा मेलॅनिनचा थरच बनू देत नाही. थर नाही तर दाब नाही, आणि दाब नाही तर प्रवेश नाही. म्हणूनच ते बुरशी आत शिरण्याआधी पानावर असावं लागतं. रोग दिसल्यावर आठवड्यानं मारलेल्या फवाऱ्याबद्दल तक्रार येते ती यामुळे.

विविधतेच्या दृष्टीनं एक गोष्ट महत्त्वाची आहे. शेतात ही बुरशी एकसंची असते. आपल्याकडे किंवा भाताकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. या बुरशीत एकच प्रत. जनुकात बदल झाला की त्याचा परिणाम लगेच दिसतो. त्यात एका खाचरातल्या बीजाणूंची संख्या धरली, तर रोज रात्री किती बदल चाचपून बघितले जात असतील याची कल्पना करा.

भाताच्या प्रतिकारक जनुकांची नावं 'पाय' नं सुरू होतात: पाय-टा, पाय-९, पाय-५४ वगैरे. अशी शंभराच्या वर जनुकं नोंदली गेली आहेत. प्रत्येक जनुक बुरशीच्या एखाद्या विशिष्ट प्रथिनाला ओळखतं. ते प्रथिन बनवणाऱ्या बुरशीच्या जनुकाला आम्ही अ‍ॅव्हिर म्हणतो. ओळख पटली की झाड प्रतिकार करतं. बुरशीनं ते प्रथिन बदललं किंवा पूर्ण टाकून दिलं, की झाडाला ती ओळखू येत नाही. जात तीच राहते, बियाणं शुद्ध राहतं, आणि प्रतिकार संपतो.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातलं. तिकडे १९८९ सालच्या केटी या जातीपासून पाय-टा या जनुकावर बरीच भिस्त होती. व्हिएतनामच्या तेतेप या जुन्या जातीतून ते आलं होतं. २००४ मध्ये पाय-टा असलेल्या बँक्स या जातीवर शेतात करपा आला. तिथली बुरशी वेगळी करून तपासली, तेव्हा पाय-टा ज्याचं प्रथिन ओळखतं त्या तिच्या अ‍ॅव्हिर-पिटा जनुकात पॉट-३ नावाचा डीएनएचा तुकडा घुसलेला आढळला. हे तुकडे गुणसूत्रांवर एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारत असतात आणि करप्याच्या बुरशीत ते भरपूर आहेत. शिवाय अ‍ॅव्हिर-पिटा बसलंय गुणसूत्राच्या अगदी टोकाशी, जिथे मोडतोड सगळ्यात जास्त होते. काही नमुन्यांत हे जनुक जागचं हललेलं सापडतं, काहींत नसतंच. जे जनुक बुरशी इतक्या सहज टाकू शकते, त्याला ओळखण्यावर बेतलेला प्रतिकार किती टिकणार? उलट, जे प्रथिन टाकल्यावर बुरशीलाच जड जातं, त्याला ओळखणारं जनुक जास्त वर्षं टिकतं. जाती तयार करणाऱ्यांनी बुरशीकडे बघायचं ते यासाठी.

दक्षिण कोरियात हेच देशाच्या पातळीवर घडलं. १९७० च्या दशकात तिथे टोंगिल प्रकारच्या जातींचा झपाट्यानं प्रसार झाला, देश भातात स्वयंपूर्ण झाला, आणि १९७८ मध्ये त्याच जातींवर करप्याची मोठी साथ आली. क्षेत्र जितकं एकसारखं, तितका त्या जातीला भेदणाऱ्या एका बुरशीचा फायदा. मावळात आज काय परिस्थिती आहे ते मी सांगायला नको. एखादी जात बाजारात चालली की बांधापासून बांधापर्यंत तीच दिसते.

आता मोजमापाकडे. विविधता मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि त्यांची सरमिसळ हेच गोंधळाचं मूळ.

पहिली पद्धत जुनी. वेगवेगळी प्रतिकारक जनुकं असलेल्या जातींचा एक ठरावीक संच घ्यायचा, त्यावर बुरशीचा नमुना फवारायचा, आणि कोणती जात आजारी पडते, कोणती तगते ते लिहायचं. ज्या नमुन्यांचा हा तक्ता सारखा, त्यांची रेस एक; तुमच्या दुकानदाराची 'नवी जात' म्हणजे अशी नवी रेस. १९६७ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय संचात आठ जाती होत्या, त्यात आपल्याकडच्या एनपी-१२५ आणि दुलार या दोन. अडचण अशी की या आठ जातींत एकेकीत बऱ्याच वेळा एकाहून अधिक जनुकं होती, त्यामुळे नेमकं कुठलं जनुक निकामी झालं हे कळत नसे. पुढे फिलिपिन्समधल्या इर्री या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं जपानी शास्त्रज्ञांबरोबर चीनच्या युनान प्रांतातल्या एका अतिसंवेदनशील जातीत एकेकच जनुक घालून ३१ ओळी (म्हणजे शुद्ध वाण) तयार केल्या. त्यांत २४ जनुकं तपासता येतात. हल्ली काम याच संचावर चालतं.

हे काम संयमाचं आहे. मोडलेल्या मानेचा नखाएवढा तुकडा धुऊन काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की काळ्या कड्यावर राखाडी लव उभी असते आणि तिच्या शेंड्यांना बीजाणू लगडलेले असतात. तापवून ओढलेल्या बारीक काचेच्या सुईनं त्या लवेला हलका स्पर्श करायचा, सुई पाण्याच्या अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) टेकवायची, आणि काही तासांनी त्यातला एकटा रुजलेला एकच बीजाणू उचलायचा. एकच, कारण एका ठिपक्यातही दोन वेगळ्या बुरशा असू शकतात. तो ओटमील अगारवर वाढवायचा आणि लगेच निर्जंतुक कागदाच्या तुकड्यांवर सुकवून उणे २० अंशांत ठेवायचा. पुन्हा पुन्हा बशीतून बशीत नेत राहिलं तर बुरशी बीजाणू द्यायचं सोडते, कधी तिचा उपद्रवही मंदावतो, आणि मग चाचणीचा निकाल फसवा येतो. फवारणी तीन-चार पानांच्या रोपांवर, साधारण एक मिलीलीटरला एक लाख बीजाणू, मग एक रात्र दमट अंधारात. निकाल सातव्या दिवशी.

दुसरी पद्धत डीएनएची. १९८९ मध्ये या बुरशीच्या गुणसूत्रांवर विखुरलेला एमजीआर-५८६ हा पुनरावृत्त तुकडा सापडला. तो कुठे कुठे बसलाय याचा पट्ट्यांचा नकाशा काढला की प्रत्येक नमुन्याचा ठसा मिळतो, आणि जवळच्या ठशांचे वंश पाडता येतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या साठवलेल्या नमुन्यांवर हे करून पाहिलं, तर आठ वंश निघाले आणि एकेका वंशात मोजक्याच रेस. तेव्हा सगळ्यांना वाटलं, काम सोपं झालं: डीएनएवरून वंश ओळखा, वंशावरून रेस सांगा, फवारणीच्या चाचण्यांचा खटाटोप संपला.

तसं झालं नाही. कोलंबियात सांता रोसा इथे चाचणीच्या शेतावर मुद्दाम तऱ्हेतऱ्हेच्या जाती लावून बुरशीची गर्दी जमवली जाते. तिथे वंश मोजकेच निघाले, पण त्यांतून रेस डझनावारी. आडनाव एक म्हणून दोन भावांचे स्वभाव एक असतात थोडंच. वंश सांगतो ती बुरशी कुठून आली आणि कोणाच्या नात्यातली. ती आज तुमच्या जातीवर काय करील हे तिच्या हातातली अ‍ॅव्हिर जनुकं ठरवतात, आणि ती वंशाच्या मानानं फार लवकर बदलतात. तरीही सांता रोसाच्या कामाचा मोठा फायदा झाला. अशा गर्दीत निवड करून काढलेली ओरिझिका यानोस-५ ही जात १९८९ मध्ये आली आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिकारासाठी नावाजली गेली. आपल्याकडच्या करप्याच्या चाचणी वाफ्यांमागेही तोच विचार आहे: तपासायच्या ओळी मधे, भोवती एचआर-१२ किंवा को-३९ सारख्या हमखास रोग घेणाऱ्या जाती, आणि रोगाला पोषक अशी जागा. लोणावळा परिसर भात संशोधकांत यासाठी ओळखीचा आहे, म्हणजे तुमच्या भागातल्या हवेचा लौकिक जुनाच.

इथे थोडा विषय सोडून, कारण हे विद्यार्थीही वाचतील. एका जिल्ह्यातून एक असे वीस-पंचवीस नमुने घ्यायचे, त्यांचे आरएपीडी किंवा एसएसआर (डीएनए ठशांच्या दोन पद्धती) ठसे काढायचे, संगणकाकडून शाखांचं झाड काढून घ्यायचं आणि 'मोठी जनुकीय विविधता आढळली' असं लिहायचं, अशा प्रबंधांचा ढीग आपल्याकडे पडलाय. त्यातून शेतकऱ्याला किंवा जात काढणाऱ्याला काय कळतं? फारसं काही नाही. एका खाचरातून पुष्कळ नमुने, मग शेजारचं गाव, मग पलीकडचं खोरं, अशा पायऱ्यांनी घेतलं तर निदान विविधता खाचरात आहे, गावागावांत आहे की खोऱ्याखोऱ्यांत, हे तरी समजतं. आणि हल्ली अ‍ॅव्हिर जनुकं थेट पीसीआरनं (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढून) तपासता येतात. एखाद्या खोऱ्यातल्या सगळ्या नमुन्यांत अ‍ॅव्हिर-पाय-९ धड अवस्थेत आहे असं कळलं, तर पाय-९ असलेली जात तिथे चालेल हा उपयोगी निष्कर्ष. शाखांच्या झाडावरून तो काढता येत नाही.

विविधता येते कुठून, याचं उत्तर गेल्या काही वर्षांत बरंच स्पष्ट झालंय. या बुरशीत नर-मादी असा भेद नसला तरी दोन मेटिंग प्रकार आहेत, आणि दोन्ही जवळ आले तर प्रयोगशाळेत त्यांचं मीलन घडवता येतं. शेतात, भाताच्या पिकावर, ती अवस्था आजवर कोणाला दिसलेली नाही. पण युनान आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातल्या नमुन्यांच्या डीएनएत जनुकांची अशी सरमिसळ दिसते की तिथे मीलन होत असणार. बाकी जगात मात्र बुरशी मीलनात मादीची भूमिका करण्याची क्षमता बहुतेक गमावून बसली आहे, आणि मीलनाशिवाय स्वतःच्याच प्रती काढणारे थोडे क्लोन वंशच खंडोखंडी पसरलेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासात जगभरच्या भातावरच्या बुरशीचे मुख्य वंश चार निघाले: एक मीलन करणारा, तीन क्लोन. आपल्या उत्तराखंडच्या डोंगरात, जिथे शेतकरी अजून तऱ्हेतऱ्हेचे जुने भात लावतात, तिथल्या १९९९ च्या अभ्यासातही बरेच वंश आणि जनुकांच्या देवाणघेवाणीच्या खुणा सापडल्या होत्या. भाताची विविधता जिथे नांदते तिथे बुरशीचीही नांदते, आणि तरी तिथे साथी माजत नाहीत. म्हणून 'विविधता जास्त म्हणजे धोका जास्त' हे सरळ समीकरण मला पटत नाही. एकच क्लोन आणि समोर एकच जात, हे मला जास्त घाबरवतं.

गव्हाचं उदाहरण बघा. याच प्रजातीच्या बुरशीचा गव्हावरचा वंश १९८५ मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात पहिल्यांदा दिसला आणि तीस वर्षं दक्षिण अमेरिकेत राहिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बांगलादेशात उगवला, सुमारे १५,००० हेक्टर गहू बाधित झाला. भातावरची बुरशी गव्हावर उडी मारून आली का, ही पहिली शंका. तोफज्जल इस्लाम आणि सोफियन कामून या शास्त्रज्ञांच्या गटानं शेतातल्या पानांवरून थेट जनुकक्रम वाचला, माहिती लगेच सगळ्यांसाठी खुली केली, आणि काही आठवड्यांतच उत्तर आलं: ही दक्षिण अमेरिकेतली गव्हावरचीच बुरशी आहे, स्थानिक भातावरची नाही. पुढे झांबियातही तोच क्लोन निघाला. बांगलादेशला लागून असलेल्या पश्चिम बंगालमध्ये नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत आणि सीमेलगतच्या पट्ट्यात गहू न पेरण्याचा निर्णय झाला. वंश ओळखण्याचा उपयोग असा होतो: रोग कुठून आला, कशाबरोबर आला आणि कुठे अडवायचा.

यावरून कोकणात आणि कोल्हापूरकडे नेहमी विचारतात तो प्रश्नही सुटतो: डोंगरउताराच्या वरकस जमिनीतल्या नाचणीवरचा करपा खालच्या भातावर येतो का? बुरशीची प्रजाती एकच, पण नाचणीचा वंश वेगळा, भाताचा वेगळा, राळ्याचा वेगळा. भातावरचा वंश हजारो वर्षांपूर्वी राळ्यावरच्या वंशातून फुटला असावा असं डीएनएवरून दिसतं. प्रयोगशाळेत जबरदस्तीनं एकाची लागण दुसऱ्यावर थोडीफार करता येते, पण शेतात नाचणीमुळे भाताला साथ लागत नाही. नाचणी निर्धास्त लावा.

आता तुम्ही आणि तुमचे साडू. मला तीन शक्यता दिसतात. तुमच्या खोऱ्यात या जातीचं प्रतिकारक जनुक भेदणारी बुरशी वाढली आहे आणि भोरच्या त्या गावात अजून नाही. किंवा दोन्हीकडे आहे, पण त्यांच्याकडे निसवण्याच्या वेळी दव-धुकं कमी पडलं आणि युरियाही. किंवा तिकडे आजूबाजूला तीन-चार जाती आहेत, त्यामुळे बुरशीला रान मोकळं मिळत नाही. यातलं कोणतं खरं, हे मी इथून सांगू शकत नाही, पण तुम्ही पुढच्या हंगामात बऱ्यापैकी ओळखू शकता. रोपवाटिकेच्या एका कोपऱ्यात हातभर रुंदीचा वाफा ठेवा. त्यात तुमची जात, आंबेमोहोरसारखी करपा पटकन घेणारी एक जुनी जात, आणि जवळच्या भात संशोधन केंद्रावरून आणलेल्या, वेगळ्या कुळातल्या तीन-चार जाती ओळीनं दाट पेरा. युरिया थोडा जास्त द्या आणि तिथे बुरशीनाशक मारू नका. फक्त हा वाफा मुख्य रोपांवरून वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला ठेवा, नाहीतर रोग तुम्हीच पसरवाल. जुलैअखेर पानं बघा. ज्या ओळींवर टिपके टिपकेच राहिले, त्या जाती तुमच्या बुरशीपुढे टिकतात. कोणत्याही संस्थेच्या पत्रकात 'प्रतिकारक' लिहिलंय त्यापेक्षा तुमच्या खाचरासाठी हा पुरावा जास्त मोलाचा आहे, कारण ती चाचणी दुसऱ्या ठिकाणच्या बुरशीवर झालेली असते.

मग गावानं ठरवून निदान दोन-तीन वेगळ्या जाती लावाव्यात. युनानमध्ये १९९८ आणि १९९९ मध्ये हे हजारो हेक्टरांवर करून बघितलं गेलं. रोगाला बळी पडणाऱ्या उंच चिकट भाताची एक ओळ, मग प्रतिकारक संकरित भाताच्या चार ओळी, अशी मिश्र लागवड. चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी घटला आणि उत्पन्न ८९ टक्क्यांनी वाढलं. तिथे चिकट भाताला चांगला भाव होता आणि तो हातानं वेगळा कापला जात होता, म्हणून ते जमलं. आपल्याकडे एका खाचरात दोन जाती कापणीला आणि गिरणीवर त्रास देतील, पण खाचरागणिक जात बदलायला काय हरकत आहे? जपानच्या निगाता प्रांतानं तर २००५ पासून कोशिहिकारी या लोकप्रिय भाताची बहुवाण आवृत्ती आणली: दिसायला, शिजायला एकच तांदूळ, पण आत वेगवेगळी करपा-प्रतिकारक जनुकं असलेल्या ओळींचं मिश्रण. शेतातल्या रेसवर लक्ष ठेवून मिश्रणातल्या ओळी बदलल्या जातात. विविधतेच्या अभ्यासाचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत थेट उपयोग. आपल्याकडे बासमतीत पाय-२ आणि पाय-५४ ही दोन जनुकं एकाच जातीत घालून पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ काढल्या आहेत. दोन जनुकं एकदम भेदायला बुरशीत दोन बदल एकाच वेळी व्हावे लागतात, हा त्यामागचा हिशेब. पण दोन्हींपैकी एक जनुक आधीच निकामी झालेल्या भागात हा हिशेब अर्धाच उरतो.

औषधांनाही हीच गोष्ट लागू आहे. जपानमध्ये कार्प्रोपामिड हे करप्याचं औषध १९९८ मध्ये आलं आणि २००१ मध्येच ते न जुमानणारी बुरशी सापडली. एका प्रथिनातल्या एका जागेवरच्या बदलानं काम झालं. स्ट्रोबिल्युरिन गटातल्या औषधांबाबतही असा एकच बदल पुरतो. ट्रायसायक्लाझोल मात्र अनेक दशकं वापरात असून टिकलंय. म्हणून एकच औषध हंगामात पुन्हा पुन्हा मारू नका, गट बदला, मात्रा लेबलवर आहे तीच ठेवा. मानेच्या करप्यासाठी पोटरीच्या (लोंबी अजून पानाच्या आवरणात असते त्या अवस्थेच्या) शेवटी एक आणि निम्म्या लोंब्या बाहेर पडताना एक, या दोन फवारण्या कामाच्या. निर्यातीचा माल असेल तर ट्रायसायक्लाझोल जपून, कारण युरोपीय संघानं २०१७ मध्ये त्याच्या अवशेषांची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली.

बाकीचं तुम्हाला ठाऊकच असेल. बियाणं ३ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारं फेकून द्या. रोगट खाचरातलं बियाणं ठेवू नका आणि साडूंना तर मुळीच देऊ नका, बुरशी बियाण्याबरोबर प्रवास करते. रोगट पेंढ्याची उडवी रोपवाटिकेशेजारी नको. सुक्या पेंढ्यात ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत जिवंत राहते, चिखलात कुजली की मरते. युरिया हप्त्यांनी द्या. आणि भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीत सांगतात तशी भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळा. तिच्यातल्या सिलिकामुळे पानाची त्वचा कणखर होते, आणि हा अडथळा कुठल्याही रेसला सारखाच.

नमुना तपासायला द्यायचा असेल तर तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाच्या भात संशोधन केंद्राशी किंवा वनस्पती रोगशास्त्र विभागाशी आधी बोलून घ्या. ताजा काळा झालेला मानेचा भाग खाली-वर दोन बोटं ठेवून कापा, वेगवेगळ्या खाचरांतून आठ-दहा, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात. सावलीत सुकवा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, दोन दिवसांत दुसऱ्याच बुरशा चढतात आणि आमच्या हाती काही लागत नाही. पाकिटावर जात, गाव, लावणीची तारीख, युरिया किती आणि कोणतं औषध कधी मारलं ते लिहा. साडूंच्या शेतात एखादी रोगट मान सापडली तर तीही स्वतंत्र पाकिटात पाठवा. तुलना करायला तीच सगळ्यात उपयोगी पडेल.